मदत हवी आहे: डिसेंबरात महाबळेश्वरला स्वतः तोडून स्ट्रॉबेरी मिळेल का? आणि तिथला स्ट्रॉबेरी महोत्सव नक्की कधी असतो?

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

माझी नणंद, तिचा नवरा आणि दोन मुलं (९ आणि ६ वर्षं) नाताळच्या सुट्टीत इंग्लंडहून येतायत. केंटमध्ये असतात. तिकडे जून-जुलैत शेतावर जायचं, रिकामी टोपली घ्यायची, हव्या तेवढ्या स्ट्रॉबेऱ्या तोडायच्या आणि निघताना वजन करून पैसे द्यायचे, असं असतं म्हणे. परवा धाकट्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मामी, इंडियात पण स्ट्रॉबेरी पिकिंग आहे?" मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले, "अरे, आपलं महाबळेश्वर आहे ना!" आता पोटात गोळा आलाय.

कारण आमचा मागचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या जोडसुट्टीला गेलो होतो. पसरणी घाटात दोन तास गेले, शेतावर पोचेपर्यंत साडेबारा. 'स्वतः तोडा' अशी मोठी पाटी. माणशी १०० रुपये देऊन आत गेलो तर वाफ्यात लाल फळ औषधालाही नाही. सगळी पांढऱ्या टोकाची नाहीतर हिरवी. मुलगी रडायला लागली, तेव्हा तिथल्या माणसाने आधीच भरून ठेवलेले डबे पुढे केले. रस्त्यावर ३०० रुपये किलो चालू होतं, तिथे ६००. घरी येऊन उघडले तर वरचा थर देखणा आणि खालच्या थराचा लगदा. शेताचं नाव लिहीत नाही, धाग्याचा हेतू तो नाही.

तर, डिसेंबरात शेतात खरंच तोडायला मिळतं का? कुठल्या बाजूला जावं, किती वाजता? तो महोत्सव असतो तो याच दिवसांत का? आणि बरोबर सासूबाई आहेत, वय ७२, गुडघ्यांनी असहकार पुकारलाय. त्यांना घरी ठेवून जाणं मला जमणार नाही (त्यांना तर मुळीच नाही). आम्ही पुण्याहून गाडीने निघणार.

---

घाटमाथा

महोत्सवाचं आधी सांगतो. डिसेंबरात तो नसतो. गुरेघरला मॅप्रो गार्डनमध्ये जो भरतो तो मार्चअखेर-एप्रिलच्या सुमारास, ईस्टरच्या सुट्ट्या धरून. तोपर्यंत माल भरपूर झालेला असतो, भावही उतरलेले असतात. पण ती जत्रा आहे हो. गाणीबजावणी, स्टॉल, क्रीमचे ग्लास, सेल्फी. खायला मिळतं, तोडण्याशी त्याचा संबंध नाही. आम्ही एकदा गेलो होतो, मुलांना मजा आली, मला पार्किंग शोधण्यातच घाम फुटला.

तुम्हाला हवंय ते शेत. पाचगणी सोडल्यावर महाबळेश्वरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना शेतं दिसायला लागतात, पण अगदी रस्त्याला लागून पाटी असेल तिथे थांबू नका. भिलार, खिंगर, कासवंड अशा जरा आतल्या गावांत जा.

---

भिलारकडचा

ताई, तुमची फसवणूक झाली ती झालीच, पण लाल फळ का नव्हतं ते सांगतो. आमचा तोडा पहाटे उजाडता उजाडता सुरू होतो. फळ थंड असताना तोडलं तरच टिकतं. नऊ-साडेनऊपर्यंत निवडून, डब्यात भरून माल मुंबई-पुण्याच्या गाडीत चढलेला असतो. तुम्ही साडेबाराला आलात म्हणजे जेवणं उरकून भांडी घासायला टाकल्यावर पंगतीला बसलात. आणि एकाच प्लॉटचा तोडा रोज नसतो, एक-दोन दिवसाआड असतो. आज तोडलेल्या वाफ्यात उद्या जाऊन काय सापडणार?

म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करायचा किंवा समक्ष जायचं आणि विचारायचं, "उद्या तोडा आहे का? आमच्यासाठी दोन ओळी राखाल का?" राखतात. मुक्काम पाचगणीत किंवा गावातल्याच एखाद्या घरात केलात तर सात-साडेसातला शेतात पोचाल. पुण्याहून त्याच दिवशी निघून हे जमत नाही.

डिसेंबरात फळ असतं. पाऊस सरता सरता लागण होते, नोव्हेंबरपासून फळ सुरू होतं आणि एप्रिलपर्यंत चालतं. थंडी फार वाढली की पिकायला वेळ लागतो. वेण्णा तलावाकडे दव गोठलं की पेपरात फोटो येतात आणि पर्यटक खूश होतात, पण त्या रात्री आम्हाला झोप नसते. फूल काळं पडतं.

---

चाफेकळी

बाप रे, पंगतीचं उदाहरण वर्मी लागलं! हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग 'स्वतः तोडा' सगळीकडे का नसतं? पैसे जास्त मिळतात की.

---

भिलारकडचा

मिळतात, पण नुकसानही होतं. लोक फळ मुठीत धरून ओढतात. एका फळाबरोबर अख्खा घोस येतो, कळ्यांसकट. कधी रोपच मल्चिंगच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या, भोकातून हलतं. दोन वाफ्यांमधली वाट सोडून वाफ्यावर पाय देतात, खालची ठिबकची नळी दबते. आणि दहा फळं चिमटून बघून एक तोडतात. चिमटलेली नऊ संध्याकाळपर्यंत डागाळतात, ती कुणाला विकू?

मुलांना हे दाखवा: फळाला हात न लावता त्याच्या मागचा देठ अंगठ्याच्या नखाने खुडायचा, बोटभर देठ फळाला राहू द्यायचा. हिरवी टोपी निघाली तर ते फळ लगेच खाऊन टाकायचं, ते टिकत नाही. आणि टोपीखाली पांढरं असेल तर सोडून द्या. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा चढेल, गोडी नाही.

---

खादाडखाऊ

मोठी फळं बघून हुरळून जाऊ नका, एवढंच माझं म्हणणं. पेरूएवढी स्ट्रॉबेरी आणि चव काकडीची!

---

भिलारकडचा

सरसकट तसं नाही हो दादा. जातीवर आहे. स्वीट चार्ली गोडीला चांगली, पण नाजूक. विंटर डॉनचं फळ मोठं, घट्ट, प्रवासाला बरं. शेतावर विचारायचं कुठली जात आहे म्हणून. ज्याला सांगता येत नाही तो शेतकरी नसून राखणदार आहे असं समजा.

---

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहते म्हणून एक सूचना. इथे बऱ्याच शेतांवर आता स्ट्रॉबेऱ्या कमरेइतक्या उंच मांडणीवर असतात, वर प्लॅस्टिकचं छत. मुलं उभ्या-उभ्या तोडतात. महाबळेश्वरला जमिनीवरच्या गादीवाफ्यात वाकून तोडावं लागेल आणि बूट लाल मातीत माखतील, हे मुलांना आधी सांगून ठेवा. नणंदेलाही सांगा, पांढरे बूट आणू नका म्हणावं. आणखी एक, इथे शेतातच खात खात पुढे जायची सवय लागलेली असते. तिकडे ते करावं का हे जाणकारांना विचारा.

---

चाफेकळी

हो, फवारणीचं विचारायचंच राहिलं होतं. भिलारकडचे दादा, खरं सांगा.

---

भिलारकडचा

खरंच सांगतो. धुकं पडलं की भुरी, करपा असे बुरशीचे रोग येतात, फवारावं लागतं. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही हे औषधागणिक ठरलेलं असतं. फोनवरच विचारा, शेवटची फवारणी कधी झाली. टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा. आणि शेतात न धुता तोंडात टाकू देऊ नका, धुवायला एक बाटली पाणी जवळ ठेवा. घरी नेणार असलेली फळं मात्र खायच्या वेळीच धुवा, आधी धुतलीत तर दुसऱ्या दिवशी बुरशी धरतील.

---

घाटमाथा

सासूबाईंसाठी: भिलार हे पुस्तकांचं गाव आहे, ४ मे २०१७ ला सुरू झालं. गावातल्या घरांमध्ये विषयवार मराठी पुस्तकं मांडलीयत. कुठे संतसाहित्य, कुठे कथा-कादंबऱ्या, कुठे बालसाहित्य. आत जाऊन बसायचं, वाचायचं, पैसे नाहीत. तुम्ही वाफ्यांत वाकत असताना त्या एखाद्या पडवीत पुस्तक घेऊन बसू शकतील. घरं लोकांची राहती आहेत, तेवढं भान ठेवायचं.

आणि २४ डिसेंबर ते १ जानेवारी तिकडे फिरकू नका, हात जोडून सांगतो. १८-१९ च्या आसपास, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

---

खादाडखाऊ

परतीच्या वेळी डबे डिकीत एकावर एक रचू नका, तुमचा लगदा तिथेच झाला असणार. पसरट खोक्यात एकच थर, खाली वर्तमानपत्र, आणि गाडीत मांडीवर. घाटातल्या वळणांना स्ट्रॉबेरीचं आणि माझं सारखंच होतं.

---

चाफेकळी (जानेवारी)

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं. जाऊन आलो!

बुधवारी गेलो, मुक्काम गावातच एका घरी. आदल्या संध्याकाळी शेतावर जाऊन विचारलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, "या सकाळी, पण पोरांना टोप्या घाला." साडेसातला पोचलो तेव्हा समोरचं घर दिसत नव्हतं एवढं धुकं. काळ्या मल्चिंगवर दवाचे थेंब आणि त्यात लालभडक फळं, मी तर पाहतच राहिले. पहिल्या पाच मिनिटांत धाकट्याने एक घोस कळ्यांसकट उपटलाच. मालकीणबाईंनी न रागावता त्याचा अंगठा धरून नख कुठे लावायचं ते दाखवलं. मग पठ्ठ्या मोठ्या बहिणीला शिकवत सुटला. तासाभरात साडेतीन किलो झालं. तोडायचे वेगळे पैसे घेतले नाहीत, फक्त मालाचे, आणि तेही त्यांच्या तराजूवर आमच्यासमोर.

सासूबाई पुस्तकांच्या घरात बसतील असा माझा बेत होता. त्या बसल्या शेताच्या कडेला, उलट्या क्रेटवर, आणि तिथल्या बायकांबरोबर फळं निवडायला लागल्या. मोठी एकीकडे, मध्यम एकीकडे, वाकडीतिकडी जॅमच्या पाटीत. थोड्या वेळाने त्यांच्या टोपलीतली चार फळं मालकीणबाईंनी मुकाट्याने उचलून जॅमच्या पाटीत टाकली. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आता बघा." पुस्तकं दुपारी झाली. त्यांनी दोन तास उठायचं नाव घेतलं नाही.

घाटात माझ्या मांडीवर खोका, नणंदेच्या मांडीवर खोका. एकही फळ फुटलं नाही.

आता नवीन प्रश्न. त्यातल्या किलोभर वाकड्यातिकड्या फळांचा मी जॅम केला, तर तो पाकासारखा पळतोय. पाऊण किलो साखर घातली होती. काय चुकलं?

---

खादाडखाऊ

लिंबू पिळलंत का? स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, कमी असतं, आंबटपणाशिवाय जॅम धरत नाही. परत पसरट कढईत घ्या, एका मोठ्या लिंबाचा रस घाला, मोठ्या आचेवर ढवळत राहा. थेंब थंड बशीवर टाकून बोटाने सारायचा, सुरकुती पडली की उतरवा.

---

चाफेकळी

लिंबू नव्हतं घातलं. कढई चढवते.