‘स्पिरिच्युअ‍ॅलिटीज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडमधल्या मध्ययुगीन मठांच्या हिशेबांत ‘स्पिरिच्युअ‍ॅलिटीज’ या सदराखाली पौंड-शिलिंगच्या रकमा असतात. ‘आध्यात्मिकता : इतके पौंड’ असं तर लिहिता येत नाही. मग काय लिहावं?

प्रतिसाद : इथे अध्यात्माचा संबंधच नाही. अनेकवचन दिसलं की सावध व्हायचं. चर्चला चर्च म्हणून मिळणारं उत्पन्न ते स्पिरिच्युअ‍ॅलिटीज : दशमांश (पीक-पाण्याचा दहावा हिस्सा), वेदीवरचं अर्पण, दफनाच्या वेळची देणी. जहागिरी, भाडी, गिरण्या यांचं उत्पन्न ते टेम्पोरॅलिटीज. पोप चौथा निकोलस याच्या 1291च्या करआकारणीत आणि राजा आठव्या हेन्रीच्या 1535च्या चर्च-उत्पन्नाच्या मोजदादीत ही दोन्ही सदरं वेगळी आहेत.

प्रतिसाद : मग ‘धार्मिक उत्पन्न’ आणि ‘जमिनीचं उत्पन्न’ म्हणून मोकळं व्हावं.

प्रतिसाद : तिथेच फसगत होते. पॅरिशच्या, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या हद्दीच्या, पाद्र्याकडे चर्चची शेतजमीन असे, तिला ‘ग्लीब’ म्हणत. ती जमीन असूनही स्पिरिच्युअ‍ॅलिटीजमध्येच धरली जाई. उलट दशमांश म्हणजे जमिनीतूनच येणारं धान्य, गवत, लाकूड. हा मोठा दशमांश रेक्टरचा, म्हणजे पॅरिशच्या उत्पन्नाच्या मूळ हक्कदाराचा. कोकरं, अंडी वगैरे लहान दशमांश बहुधा व्हिकरच्या, म्हणजे रेक्टरच्या जागी काम करणाऱ्या पाद्र्याच्या वाट्याला. मठ स्वतःच रेक्टर झाला की मोठा दशमांश मठाच्या खात्यात. म्हणजे वस्तू कोणती हे पाहायचं नाही, ती कोणत्या हक्कानं मिळते ते पाहायचं. आपल्याकडची देवस्थान इनाम आणि दक्षिणेची जोडी इथे जशीच्या तशी बसवू नये. ग्लीबपाशी ती तुटते.

प्रतिसाद : शिवाय या शब्दाला अधिकाराचाही अर्थ आहे. बिशपचं पद रिकामं झालं की टेम्पोरॅलिटीज राजाच्या ताब्यात जात आणि स्पिरिच्युअ‍ॅलिटीज आर्चबिशप किंवा कथीड्रलचं पाद्रीमंडळ सांभाळी. तिथे उत्पन्नाआधी दीक्षा देणं, नेमणुका, धर्मन्यायालय हे येतं. म्हणून ‘धर्माधिकार’ हा शब्द घ्यावा. हिशेबात ‘धर्माधिकाराचं उत्पन्न’, पद रिकामं असताना नुसतं ‘धर्माधिकार’. समोर ‘ऐहिक उत्पन्न’ आणि ‘ऐहिक मालमत्ता’.

प्रतिसाद : चालेल, पण आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केल्यानंतरच्या कागदांत जपून. तेव्हा बरेच दशमांश विकले गेले आणि पाद्री नसलेले सामान्य गृहस्थ रेक्टर बनले. त्यांच्या हातात धर्माधिकार कसला? दशमांशाचा हक्क आणि चर्चच्या वेदीकडच्या भागाची डागडुजी, एवढंच. तिथे सरळ ‘दशमांशाचा हक्क’ लिहावं. 1836च्या कायद्यानं दशमांश रोख देण्यात बदलला. गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर आकडा ठरे. तोवर स्पिरिच्युअ‍ॅलिटीज गाडीत भरून कोठारात जायच्या!