चर्चमधला गोठा: तुमच्या आठवणी सांगा

वाडीतली_पोर:
आज बाजारात एक काका स्कूटरला पेंढ्याचा भारा बांधून निघाले होते. "चर्चमध्ये नाताळच्या गोठ्याला," म्हणाले, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला. लगेच वसईतलं आमचं चर्च डोळ्यांपुढे आलं. बांबूचा सांगाडा, त्यावर सिमेंटच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट, सुकलं की डोंगर. जेवणं उरकून सगळे जमायचे. छपराच्या झावळ्या मात्र एक आजोबाच विणणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. एरवी बांधावरून अबोला धरलेली दोन घरं तिथे एकमेकांच्या हातात खिळे द्यायची, हे मी पाहिलंय. तुमच्याकडचं लिहा ना.

पाचूबंदर:
थर्माकोलची बेथलेहेम नगरी! २०१८ च्या बंदीनंतर पुठ्ठा आला. मला पुठ्ठाच आवडतो, रंग छान धरतो.

सुकेळी:
गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी कुणी पेरत नाही का आता? माझी दरवर्षी पिवळी पडते.

वाडीतली_पोर:
@सुकेळी ताई, ऊन मिळत नसेल. रात्रभर भिजवून आगमन काळाच्या (नाताळआधीचे चार आठवडे) तिसऱ्या रविवारी पेरा, कोंब दिसले की ट्रे उजेडात. लवकर पेरली तर नाताळपर्यंत आडवी होते.

म्हापसेकर:
आमच्या गोंयात गोठ्याबरोबर बांबूच्या कामट्यांचं नखेत्र, म्हणजे चांदणीचा कंदील, हवंच. पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा, आत बल्ब. वाड्यावाड्यांत स्पर्धा.

मखरवाला:
मी ख्रिश्चन नाही. मित्राच्या चर्चला दरवर्षी लायटिंग करून देतो, तो गणपतीत आमच्या मखराला येतो. २४ च्या रात्री बाळ येशूला गव्हाणीत ठेवतात तेव्हा मी मागे उभा असतो. तोवर ती गव्हाण रिकामीच असते. अंगावर काटा येतो.

कॅटेकिझम_टीचर:
मुलांनी विचारलं, बैल आणि गाढव शुभवर्तमानात कुठे आहेत? लूकच्या शुभवर्तमानात फक्त गव्हाण आहे. ती जोडी बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातली. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसनी इटलीतल्या ग्रेचो गावात गव्हाण मांडली, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. हे ऐकून आमच्या पोरांनी शेजारचं वासरूच आणलं, फादरांनी हो म्हटलं! वासराने अर्धी नाचणी खाल्ली 😄

सुकेळी:
वासराची तरी हिरवी होती 😀

पाचूबंदर:
आमच्याकडे बाळ येशूला भेटायला येणाऱ्या तीन राजांच्या मूर्ती उंटांसह दाराजवळून निघायच्या. रोज थोड्या पुढे, ६ जानेवारीला गोठ्यात. उंट सरकवायला आम्हा भावंडांची भांडणं. धाकटा भाऊ आता कॅनडात आहे, रोज फोटो मागतो, "उंट कुठवर आले?"

सुकेळी:
@पाचूबंदर भावाला आमच्याकडूनही नाताळच्या शुभेच्छा. कॅनडात सुकेळी (सुकवलेली केळी) मिळतात का हो? पाठवायची असतील तर सांगा, यंदा भरपूर सुकवलीत.

पाचूबंदर:
नाही मिळत! ताई, मेसेज करतो. मोठा डबा ठेवा बाजूला.