लडाखच्या थंडीत व्हॅनसाठी हीटर कोणता घ्यावा?

डोंगरवाट (धागाकर्ता)
आमची फोर्स ट्रॅव्हलर आम्ही पुण्यातच फिरते घर म्हणून तयार करून घेतली असून येत्या ऑक्टोबरात पती-पत्नी मिळून लेह आणि हानले असा महिनाभराचा प्रवास करण्याचा बेत आहे. रात्री पारा उणे १० अंशांपर्यंत उतरेल असे धरून चाललो आहे.

माझ्या मते २ किलोवॉटचा डिझेल हीटर हीच योग्य निवड आहे. तो इंधन गाडीच्याच टाकीतून घेतो, ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरून ओढतो आणि धूर बाहेरच सोडतो, त्यामुळे आतल्या हवेचा ज्योतीशी संबंध येत नाही. मंद आचेवर त्याला तासाला साधारण १२० मिलिलिटर डिझेल पुरते, म्हणजे रात्रभरात लिटरभर. हीटर बसवणारे मात्र ‘कमी पडायला नको’ म्हणून ५ किलोवॉटचा आग्रह धरतात. तो मला पटत नाही, कारण एवढ्याशा जागेत मोठा हीटर सतत किमान आचेवरच चालणार आणि त्यामुळे त्याच्या आत काजळी धरणार. आपणा सर्वांची मते हवी आहेत.

रानपाखरू
मी आपल्याशी सहमत नाही. दोन वर्षांपूर्वी हानलेत, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, आमचा डिझेल हीटर रात्री दोनच्या सुमारास पांढरा धूर ओकून बंद पडला, तो पुन्हा पेटलाच नाही. सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाचा पापुद्रा नखाने खरवडता येत होता. खाली उतरल्यावर हीटर उघडला, तेव्हा ज्वलनकक्ष काजळीने गच्च भरलेला निघाला.

त्या रात्रीपासून माझे मत ठाम झाले आहे की झोपताना गाडीत पेटते काहीही नको. भिंती, छत आणि विशेषतः फरशी यांना चांगले उष्णतारोधक अस्तर लावावे, काचांना जाड पडदे करावेत आणि १२ व्होल्टवर चालणारी गरम गादी घ्यावी. दोघांच्या गादीला १०० वॉट धरले, तरी आठ तासांत ०.८ युनिट वीज लागते, म्हणजे २०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीचा जेमतेम तिसरा हिस्सा. शिवाय गादीला कसलाही आवाज नाही. हानलेचा परिसर २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. रात्री तारे पाहायला लोक तिथे येतात, तेव्हा आपल्या गाडीखालची घरघर त्यांनी का सोसावी?

यंत्रवेडा
रानपाखरू यांचा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. लेहच्या उंचीवरच हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो. हीटरचा पंप मात्र पुण्यात टाकतो तेवढेच डिझेल टाकत राहतो, त्यामुळे ते अर्धवट जळते आणि काजळी साठते. हवेचा दाब ओळखून इंधन आपोआप कमी करणारे हीटर मिळतात आणि लडाखला जाणाऱ्याने तसाच हीटर घ्यावा. जोडीला दर एक-दोन दिवसांनी अर्धा तास तो पूर्ण आचेवर चालवावा.

आता बॅटरीविषयी. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. करू गेल्यास ती कायमची खराब होते. रात्रभर गोठलेल्या गाडीतली बॅटरी सकाळच्या उन्हात चार्ज कशी करणार? तिला ऊब द्यायला पुन्हा हीटरच लागतो, आणि तो एकदा पेटल्यावर १५ ते ३० वॉट विजेवर चालतो.

आवाज तीन ठिकाणांहून येतो. पंखा मंद आचेवर फारसा जाणवत नाही. धुराच्या नळीची फुरफुर सायलेन्सर लावल्यावर उतरते. खरा छळ इंधनपंपाच्या टकटकीचा असतो, कारण तो थेट चॅसिसला आवळला की संपूर्ण पत्रा ढोलासारखा वाजतो. आमच्या गाडीत तो रबरी पट्ट्यात टांगून तिरका, तोंड वर करून बसवला, तेव्हापासून पलंगावर पडल्यावर कान देऊनच ऐकावा लागतो. गॅस हीटरचा विचारही करू नये: सिलिंडरमधील ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ होण्याचे थांबते आणि आत उघडा जळणारा हीटर किलोभर गॅसमागे दीड लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतो.

रानपाखरू
बॅटरीचा मुद्दा मान्य आहे. आम्ही ती पलंगाखाली अस्तरात ठेवतो आणि सकाळी आधी तापमान पाहतो. परंतु धुराची नळी सैल झाली किंवा बर्फात बुजली तर काय, याचे उत्तर आपण दिलेले नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मी माझ्या घरच्यांना त्या भरवशावर झोपवणार नाही.

यंत्रवेडा
ही भीती रास्त आहे. उशाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर डिझेल हीटर बसवूच नये, या मताचा मीही आहे.

डोंगरवाट (धागाकर्ता)
दोघांचेही मनापासून आभार. दाब ओळखणारा २ किलोवॉटचाच हीटर घेत आहे आणि अलार्म एकाऐवजी दोन लावणार आहे. झोपताना हीटर बंद करून गरम गादीवर निजायचे आणि पहाटे उठण्याआधी तासभर तो पुन्हा पेटवायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. पंप मात्र आधीच चॅसिसला आवळून झाला आहे. तो येत्या रविवारी काढून रबरी पट्ट्यात टांगतो.