१९९१ च्या आधीचं आर.ई.एम. ‘कच्चं’?

टेकडीवाला (धागाकर्ता)

परवा इथेच एकाने अमेरिकन रॉक बँड आर.ई.एम.बद्दल लिहिलं, “आर.ई.एम. ऐकायचं तर १९९१ च्या ‘आउट ऑफ टाइम’ अल्बमपासून. त्याआधीचं सगळं कच्चं, गायक नुसता पुटपुटतो.” खाली ‘सहमत’ची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

त्यांचा पहिला अल्बम ‘मर्मर’ १९८३ चा. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चा धुमाकूळ चालू असतानाही रोलिंग स्टोन मासिकाच्या समीक्षकांनी त्या वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’च निवडला. कंपनीने आधी दुसरा निर्माता गळ्यात मारला होता. त्याने एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं आणि वर कीबोर्ड चढवले. चौघांनी हट्ट धरला आणि काम मिच ईस्टर आणि डॉन डिक्सनकडे नेलं. पहिल्याच अल्बमला ज्यांना आपल्याला काय नको ते इतकं पक्कं ठाऊक होतं, ते कच्चे?

त्यातलं ‘परफेक्ट सर्कल’ रात्री सगळं निजल्यावर हेडफोन लावून ऐका. पियानो एक नाही, दोन आहेत. बेसवाला मिल्स आणि ड्रमर बेरी एकच ओळ बरोबरीने वाजवतात, एक ग्रँडवर आणि दुसरा सुरातून उतरलेल्या जुन्या पियानोवर. म्हणून प्रत्येक स्वराची कड किंचित थरथरते. त्यामागून गायक स्टाइपचा आवाज येतो, पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असावं तसा. त्याचं गाणं म्हणजे चार वाद्यांतलं एक वाद्य आहे.

मला हा अल्बम इंजिनिअरिंगला असताना एका मित्राने कॅसेटवर भरून दिला. कव्हर नव्हतंच. ते कित्येक वर्षांनी पाहिलं: कुडझूच्या वेलाने अख्खं रान गिळून टाकलेलं. पावसाळ्यानंतर तळजाईवर घाणेरी माजते ना, तसंच. खाली काय आहे ते नीट दिसत नाही, पण काहीतरी आहे हे कळत राहतं. ते संगीतही मला तसंच ऐकू येतं.

शब्दवेडी

त्या रांगेत मीही होते, आणि अजूनही सहमतच आहे. गायकाने तोंड उघडलं की त्याला काहीतरी सांगायचंय असं मी धरून चालते. केबल नुकतीच आली होती तेव्हा शेजाऱ्यांकडे ‘आउट ऑफ टाइम’मधलं ‘लूझिंग माय रिलिजन’ पाहिलं. तो व्हिडिओ आपल्या जालंधरच्या तारसेम सिंगचा. इंग्रजी यथातथाच होतं माझं, तरी शब्दन् शब्द ऐकू आला. पुढे कळलं की अमेरिकेच्या दक्षिणेत त्या शब्दांचा अर्थ ‘संयम सुटणं’ असा होतो, आणि गाणं पुन्हा नव्याने उघडलं. शब्द नीट ऐकू आले म्हणूनच हे झालं. ‘मर्मर’मध्ये काय उघडणार?

चौथी_तार

दोघांनाही एक सांगतो, १९९१ ही रेघच चुकीची आहे. स्टाइपचे शब्द स्पष्ट झाले १९८६ ला, ‘लाइफ्स रिच पेजंट’मध्ये. निर्माता डॉन गेहमन त्याच्या मागेच लागला होता. आणि ‘लूझिंग’ची चाल गिटारवाल्या बकला मेंडोलिन शिकता शिकता सापडली. गिटारवरही तो पहिल्यापासून सगळ्या तारा एकदम खडखडवत नाही, सुट्या सुट्या छेडतो. मधे जागा राहते आणि तिथे मिल्सचा बेस चाल गातो. ही सवय ८१ पासूनची आहे.

आता माझं दुखणं. पुण्यात दहा वर्षं कव्हर बँडमध्ये बेस वाजवला. रोज कुणीतरी पुढे येऊन ‘लूझिंग’च मागणार. एकदा त्यांच्या ‘रेकनिंग’ अल्बममधलं एक गाणं बसवलं होतं, महिनाभर तालीम करून. दुसऱ्या कडव्यालाच हॉटेलवाल्याने हात हलवून ‘बंद करा’ म्हटलं. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या तो आवाज अजून कानात आहे. पुण्याला गाणी नको असतात, ओळखीची गाणी हवी असतात.

टेकडीवाला

गेहमनचा मुद्दा मान्य. तुमच्याबद्दल वाईट वाटलं.

शब्दवेडी, तुम्ही सवाईला जात असालच. भीमसेनजींच्या विलंबित ख्यालातले किती शब्द तुम्हाला कळायचे? तरी रात्रभर बसायचोच ना आपण? मग स्टाइपलाच वेगळा न्याय का?

रमणबाग_सतरंजी

मी फक्त वाचत होतो, पण हे सहन होणार नाही. कुणाला कुणाशेजारी बसवताय? बंदिशीचे शब्द थोडे असतात, पण ते गुरूकडून आलेले असतात, त्यांची लयीतली जागा ठरलेली असते. गवई ते विसरून पुटपुटत नाही. तुमच्या गायकाला स्वतःचेच शब्द स्पष्ट म्हणायचे नाहीत. ही तुलना अडाणीपणाची आहे.

शब्दवेडी

+१. आणि ख्यालच कशाला? गीतरामायण घ्या. १९५५ ला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालं, छप्पन्न गाणी. आजी रेडिओशेजारी वही घेऊन बसायची आणि निसटलेल्या शब्दाची जागा मोकळी सोडायची. मग शेजारच्या काकूंच्या वहीवरून ती भरायची. ती वही माझ्याकडे आहे, काही ओळींत शाई दोन रंगांची आहे. शब्दांसाठी माणसं इतकी जीव टाकायची.

टेकडीवाला

अडाणी म्हणा हवं तर. तुमच्यापेक्षा कमी सवाई मी केलेले नाहीत.

आमच्या बाबांची वाचा पक्षाघाताने गेली. चहा, पाणी, माझं नाव, एक शब्द उरला नाही. पण संध्याकाळी खिडकीशी बसून मारवा गुणगुणायचे, कोमल रिषभ जागच्या जागी. मी समोर बसून ऐकायचो. शब्दांवाचून त्यात काही कमी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. म्हणून कुणी शब्द नाहीत म्हणून एखाद्या गाण्याला कच्चं म्हटलं की मला लागतं.

रमणबाग_सतरंजी

अडाणीपणा हा शब्द मागे घेतो. वडिलांचं वाचून मग काही लिहवेना. तरी त्यांनी आधी चाळीसेक वर्षं ऐकलं असणार, म्हणून तो रिषभ टिकला. ‘मर्मर’ मारव्याच्या जवळपास आणू नका, एवढं राहू द्या.

चौथी_तार

धागा आर.ई.एम.चा होता हो. शब्दवेडी, तुम्ही ‘फॉल ऑन मी’ ऐका, १९८६ चंच. स्टाइप एक ओळ गातो, मिल्स आणि बेरी त्याच वेळी वेगवेगळं गातात. तीनही ओळी धरायला गेलात तर एक निसटतेच. शब्द आहेत, स्पष्ट आहेत, आणि तरी सगळे हाती येत नाहीत. १९९७ ला बेरी बँड सोडून गेल्यावर तो तिसरा गळाही गेला, मला तिथे तुटल्यासारखं झालं.

शब्दवेडी

‘फॉल ऑन मी’ आधीपासून आवडतं, त्यात मला वाद नाही.

काल रात्री ‘परफेक्ट सर्कल’ लावलं. दुसरा पियानो तिसऱ्यांदा ऐकताना सापडला. ‘कच्चं’ मागे घेते. ‘पुटपुटणं’ मागे घेत नाही.