विंगरला बगल द्यायची का?

मूळ प्रश्न

भाचा अकरावीत आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी त्यानं देझिरे दुए या फ्रेंच फुटबॉलपटूवर लेख लिहिलाय. सुरुवात अशी: ‘देझिरे दुए हा फ्रान्सचा होतकरू विंगर. विशीतच त्याची कारकीर्द बहरली आहे.’ मराठीच्या बाईंनी ‘विंगर’खाली रेघ ओढली आणि समासात ‘मराठी प्रतिशब्द?’ एवढंच लिहिलं. पोरगं माझ्याकडे आलं. मी ‘पंखपटू’ सुचवलं, तर ते फिस्सकन हसलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “विंगर म्हणजे ती टाटाची गाडी ना? आपण शिर्डीला गेलो होतो ती?”

गोलरक्षक आहे, बचावपटू आहे, मध्यरक्षक आहे, आघाडीवीर आहे. सगळी फौज मराठीत उभी असताना कडेनं पळणाराच कसा राहून गेला?

कोल्हापूरकर

राहून कुठं गेलाय? ‘बगल’ आहे की. पेपरात रोज वाचतो आपण, ‘डाव्या बगलेतून चढाई’, ‘उजव्या बगलेवरून मुसंडी’. म्हणजे जागेला शब्द आहे, फक्त माणसाला नाही. आणि माणसाला करायला गेलं की घोटाळा होतो. ‘बगलपटू’ म्हटलं की काखेत कलिंगड धरून चाललेला गडी दिसतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून असला शब्द काढलात तर शेजारचा शेंगा खायचा थांबून तुमच्याकडं बघंल. तिथं सगळे ‘विंगर’च म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ता

काख हीच तर अडचण आहे. शिवाय ‘बगलबच्चा’ हा शब्दही डोक्यात येतो. एवढ्या मोठ्या खेळाडूला कुणाचा तरी बगलबच्चा केल्यासारखं वाटतं.

फ्रेंच शिकवणारी

तुमचा ‘पंखपटू’ अगदीच टाकाऊ नव्हता. फ्रेंचमध्ये विंगरला ‘एलिए’ म्हणतात. ‘एल’ म्हणजे पंख. पक्ष्याचा पंख, इमारतीची बाजू, सैन्याची बाजू, सगळ्याला तोच शब्द. पण मराठीत पंख म्हटलं की पाखरूच येतं, सैन्य येत नाही. पंख फुटतात, पंख छाटतात. पंखावरून चढाई कुणी करत नाही.

मला जास्त गंमत वाटते ती विंगर जे करतो त्याला असलेल्या शब्दाची. बचावपटूला बाहेरच्या बाजूनं, कडेच्या रेषेजवळून मागे टाकून पुढे निघून जाणं, याला फ्रेंच समालोचक ‘देबोर्दमाँ’ म्हणतात. ‘बोर’ म्हणजे काठ. नदी काठ सोडून वाहू लागली की तीच क्रिया, आणि पातेल्यातलं दूध वर आलं की तीही तीच. म्हणजे फ्रेंच माणसाच्या लेखी चांगला विंगर बचावपटूवरून उतू जातो! ज्या गल्लीतून तो पळतो तिला ‘कुलवार’ म्हणतात, म्हणजे घरातला अरुंद बोळ. चेंडू समोरच्याच्या दोन पायांमधून काढला की ‘छोटा पूल’, आणि चेंडू त्याच्या एका बाजूनं ढकलून आपण दुसऱ्या बाजूनं पळत जाऊन गाठला की ‘मोठा पूल’. हे दोन्ही पूल मराठीत आणायला हरकत नाही असं माझं मत. आपल्याकडे ‘पायातून काढला’ म्हणतात ते नेमकं आहे, पण त्यात चित्र नाही.

जाता जाता उच्चार: नाव देझिरे दुएच. मी एका ठिकाणी ‘डिझायर डू’ असं लिहिलेलं पाहिलं आणि चहा सांडला. देझिरे म्हणजे ज्याची इच्छा धरली होती असा. मराठीत सांगायचं तर नवसाचा. भाच्यानं लेखात हे घातलं तर बाई लाल पेन खाली ठेवतील.

कोल्हापूरकर

नवसाचा! हे झकास.

आता माझं ऐका. बगल म्हणजे काख, मान्य. शब्द फारसीतून आलाय, तिकडंही काखच. पण मराठीत तो काखेत अडकून राहिला का? ‘मंत्र्यांनी प्रश्नाला बगल दिली’ म्हणतो तेव्हा कुणाला काख आठवते? बगल देणं म्हणजे समोर उभ्या ठाकलेल्याला न भिडता बाजूनं निसटणं. विंगरचा धंदा दुसरा काय असतो? बगलेवर उभं राहायचं आणि समोरच्याला बगल द्यायची. जागा आणि क्रिया एकाच शब्दात आली. फ्रेंचांना पंख वेगळा आणि काठ वेगळा लागतो.

‘हुलकावणी’ त्याच्या जवळची आहे, पण वेगळी. हुलकावणी अंगानं द्यायची, खो-खोत देतात तशी. ती दिली तरी माणूस तिथंच असू शकतो. बगल दिली की तो पुढं निघून गेलेला असतो.

नाटकवाला

इथे एक पात्र उशिरा प्रवेश करतंय. ‘विंग’ परका शब्द आहे असं सगळे गृहीत धरून चाललेत. मराठी रंगभूमीवर तो कधीचा रुळलाय आणि मराठीसारखा चालतो. ती विंग, विंगेत, विंगेतून, विंगेपलीकडे. ‘प्रॉम्प्टर विंगेत उभा’ हे वाक्य कुणाला इंग्रजी वाटतं? ‘विंगर’ची सोयरीक लावायचीच तर इथे लावा: जो विंगेतून प्रवेश करून मधल्या उजेडात येतो तो विंगर.

आणि हा दुए नेमका तसाच आहे. २०२५ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल आठवा. ३१ मे, म्युनिक, दुएच्या पॅरिस सेंट जर्मेनसमोर इंटर मिलान. तो उभा होता उजव्या कडेला. १२ व्या मिनिटाला गोलक्षेत्रात चेंडू मिळाला, समोर गोल दिसत असताना यानं आडवा पास दिला आणि सहकारी हकिमीनं तो नुसता आत ढकलला. २० व्या मिनिटाला डेंबेलेनं डावीकडून चेंडू पलीकडे टाकला. यानं छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि मारला. इंटरच्या दिमार्कोला लागून दिशा बदलली आणि गोल. ६३ व्या मिनिटाला विटिन्याचा पास आणि पुन्हा गोल. यानं जर्सी काढून भिरकावली, पिवळं कार्ड घेतलं आणि थोड्याच वेळात बाहेर आला. निकाल ५-०. चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये एवढ्या फरकानं त्याआधी कुणी जिंकलं नव्हतं. वयाची वीस पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

यातलं एकही काम त्यानं कडेच्या रेषेवर केलेलं नाही, हे लक्षात घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

हे भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, “मग त्याला विंगर म्हणायचं तरी का?” आता मीच गोंधळलो.

फ्रेंच शिकवणारी

कारण तो सुरुवात तिथून करतो. पूर्वीचा एलिए रेषेला चिकटून पळायचा, शेवटपर्यंत जायचा आणि चेंडू मध्ये टाकायचा. त्या टाकण्याला, म्हणजे क्रॉसला, फ्रेंचमध्ये ‘साँत्र’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मध्य! हल्ली विंगर स्वतःच मध्ये जातो. दुए तर आधी रेन या फ्रेंच क्लबकडून खेळताना बऱ्याचदा मधल्या फळीतच असायचा. उजव्या पायाचा आहे, पण दोन्ही बाजूंना खेळतो. त्यामुळे ‘बगल’ हा त्याचा पत्ता समजा, व्यवसाय नव्हे.

कोल्हापूरकर

पत्ता, व्यवसाय... बाई, तुम्ही मॅच बघता का हो?

फ्रेंच शिकवणारी

लिव्हरपूलच्या मैदानावर पेनल्टी शूटआउट झालं त्या रात्री जागी होते. निर्णायक पेनल्टी यानंच मारली होती, ११ मार्च २०२५. दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा वर्ग होता. अजून काही विचारायचंय?

कोल्हापूरकर

माफी असावी. शब्द मागे घेतला.

जुना वाचक

तुम्ही सगळे विंगरमागे धावताय, पण त्या वाक्यात खरा खटकणारा शब्द ‘होतकरू’ आहे. होतकरू म्हणजे पुढे नाव काढेल असा, हे खरं. पण हा शब्द आपण वापरतो कुठे? ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप.’ गरीब आणि होतकरू ही जोडी इतकी घट्ट झालीय की एक उच्चारला की दुसरा मागोमाग येतो. रेनकडून पॅरिसला जाताना २०२४ साली ज्याच्यासाठी सुमारे ५ कोटी युरो मोजले गेले, त्याला होतकरू म्हटलं की नजरेसमोर वह्यावाटप येतं. दुसरं म्हणजे होतकरूला अजून व्हायचं असतं. हा होऊन बसलाय. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सकडून रौप्य, मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात पदार्पण, त्याच वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा ‘गोल्डन बॉय’ पुरस्कार. ‘उदयोन्मुख’ही नको, सूर्य वर आल्यावर कसला उदयोन्मुख. साधं ‘तरुण’ लिहा.

‘कारकीर्द’ मात्र राहू द्या. मूळ राज्यकारभाराचा शब्द, ‘थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत’ वगैरे. विशीतल्या पोराला जड होईल असं वाटतं खरं, पण थोरले माधवराव गादीवर आले तेव्हा तेही सोळा वर्षांचेच होते. फक्त लिहिताना ‘कारकीर्द’ दीर्घ आणि ‘कारकिर्दीत’ ऱ्हस्व, हे पोराला सांगा. बाई तिथे नक्की पकडतील.

फ्रेंच शिकवणारी

होतकरूवरून आठवलं. फ्रान्सच्या २१ वर्षांखालच्या संघाला तिकडे ‘एस्प्वार’ म्हणतात, म्हणजे आशा. आणि एखादा पोरगा चमकला की वर्तमानपत्रं त्याला ‘पेपित’ म्हणतात, नदीच्या वाळूत सापडतो तसा सोन्याचा खडा. रेनला असे खडे बरेच सापडले. डेंबेले तिथलाच, कामाव्हिंगा तिथलाच.

मूळ प्रश्नकर्ता

लेखात ‘रेनच्या युवा प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण घेतलेला’ असं आहे. हे तरी ठीक ना?

कोल्हापूरकर

प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण! अहो, ‘रेनच्या तालमीत तयार झालेला’ लिहा. सहा वर्षांचा असताना गेलाय तो तिथं. जन्म आँजेचा, पण घडला रेनमध्येच. आमच्याकडं तर हे शब्दशः खरं आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही फुटबॉल संघांची नावं आहेत. कुस्तीच्या तालमींनीच संघ काढले. बाहेरगावच्या माणसाला ‘तालमीचा सेंटर फॉरवर्ड’ म्हटलं की तो पैलवान शोधत बसतो.

नाटकवाला

आणि आमच्याकडे तालीम म्हणजे नाटकाची तालीम. तालमीत तयार व्हायचं, विंगेतून यायचं. मी म्हणतच होतो.

मूळ प्रश्नकर्ता

शेवटी भाच्यानं असं केलं: ‘देझिरे दुए हा फ्रान्सचा तरुण विंगर. देझिरे म्हणजे नवसाचा. रेनच्या तालमीत तयार झालेला हा खेळाडू उजव्या किंवा डाव्या बगलेवरून सुरुवात करतो आणि समोरच्याला बगल देऊन मध्ये घुसतो.’ ‘विंगर’ तसाच ठेवलाय; जागा मराठीत, क्रिया मराठीत, माणूस मात्र विंगर. ‘छोटा पूल’ घालायचा हट्ट होता, तो एका वाक्यात समजावून घातलाय. आई अजून म्हणते की गाडीचं चित्र काढायचं असेल तर शिर्डीचा फोटो आहे.

बाईंकडून वही आज परत आली. ‘विंगर’खालची रेघ गेलीय. आता ‘क्रॉस’खाली आहे.

कोल्हापूरकर

क्रॉसला क्रॉसच म्हणतात. बाईंना एकदा मॅचला घेऊन या, शेंगा माझ्याकडून.