बडोदेकर पालकहो, शाळेत तुम्ही नक्की काय केलंत?

जून उजाडला की शाळेतून निरोप येतो, 'वालींनी (म्हणजे पालकांनी) सहकार्य करावं.' म्हणजे काय करावं, ते कुणी सांगत नाही. सल्ले नकोत, जे केलंत तेच लिहा, फसलं असेल तरी चालेल.

मुलगा सरकारी शाळेत, तिसरीत. मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं, कारण २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिथे तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. माझ्या एकटीत दोन्ही रकाने भरले! रजिस्टर घरी यायचं, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत सही करायची. एकदा जुलैत ओळ वाचली : 'पाण्याची टाकी साफ केली.' दुसऱ्या दिवशी ओढणी खोचून लोखंडी शिडीने गच्चीवर गेले. झाकण अर्धं तुटलेलं, कडेने शेवाळ, आणि पाण्यावर पतंगाच्या दोन कामट्या, मांज्याचा गुंता. उत्तरायणाचा पतंग! म्हणजे जानेवारीपासून तिथे कुणी डोकावलं नव्हतं.
(मांजलपूर)

मी सांगलीची, लग्न होऊन इथे आले. लेकीच्या बालवाटिकेतल्या बेन म्हणाल्या, शुक्रवारी वार्ता सांगायला या. मी दोन दिवस खपून बातम्या निवडल्या, मोडक्या गुजरातीत उतरवल्या. समोर पाच-पाच वर्षांची तीस मुलं मांडी घालून. 'आजे भारे वरसाद' इतकं वाचलं आणि बेनचा चेहरा बघून थांबले. गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट! नवरा म्हणतो, मला वाटलं तू पावसाची गोष्ट लिहितेयस. मग चिमणी-कावळ्याची सुरू केली, शेणाचं घर, मेणाचं घर. पोरं ऐकेनात. त्यांच्या गोष्टीत चकी (चिमणी) तर तांदळाचा दाणा आणते, चको (चिमणा) मुगाचा, आणि खिचडी होते! शेवटी त्यांचीच गोष्ट मी ऐकून आले. आता महिन्यातून एकदा जाते. खिचडीवाली आधी त्यांची, मग माझी.
(दांडिया बाजार)

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला हॉल न घेता शाळेत तिथिभोजन दिलं. श्रीखंड-पुरी. मुलांचा हिशोब बरोबर होता, पुऱ्यांचा चुकला. मध्यान्ह भोजनाच्या मासींनी कणीक मळायला घेतली, मी लाटायला बसले. सासरे वाढत होते, आणि प्रत्येकाला कितवीत आहेस विचारत होते, त्यामुळे पंगत दीड तास चालली.
(वाडी)

जरा वेगळं लिहितो. आमची शाळा खासगी. 'पालकांचा सहभाग' म्हणजे रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज, उद्या ज्वालामुखीचं मॉडेल. लाव्हा बायकोने केला, गुण मुलाला मिळाले, आणि दहा वर्षांच्या पोराला ज्वालामुखी का फुटतो ते विचारलं तर म्हणतो, खाण्याच्या सोड्याने. शिवाय ग्रुपमध्ये फक्त आया. मला घ्या म्हणालो तर ॲडमिनबाईंनी विचारलं, 'मम्मी नथी?'
(गोत्री)

मांजलपूरच्या ताई, टाकीचं पुढे काय झालं?
(रावपुरा)

सही केली नाही. आठ दिवस रजिस्टर आमच्या फ्रिजवर पडून होतं. नवव्या दिवशी शिपाईभाई न्यायला आले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. म्हणाले, बेन, चढून बघून घ्या. चढले. आता टाकीवर तारीख रंगवतात, आणि शिडी धरायला कुणीतरी लागतं म्हणून दरवेळी मलाच बोलावतात.
(मांजलपूर)