मेपलवर गडद रंग चढवताना

तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकघरातल्या मेपलच्या कपाटांना अक्रोडी स्टेन (लाकडाला छटा देणारा रंग) लावला आणि दारांवर ढगांसारखे डाग उमटले. यात तुमच्या हाताचा दोष नाही. मेपल घट्ट लाकूड, छिद्रं अगदी बारीक. रंग एकीकडे खूप मुरतो, शेजारी जवळजवळ मुरतच नाही. गडदच हवा असेल तर जेल स्टेन घ्या, तो वरच्या वर बसतो. पॉलिश पेपर १५० किंवा १८० नंबरवर थांबवा, त्याहून गुळगुळीत पृष्ठभाग रंग नीट धरत नाही. चौकटीची कापलेली टोकं मात्र २२० ने घासा, नाहीतर ती काळी पडतात. आधी दाराच्या मागच्या बाजूला लावून बघाच.

पण मनापासून सांगते, मेपलचा मूळ उजळपणा ठेवता आला तर ठेवा. आमच्या टोरांटोच्या घरी मी पाण्यावर आधारित पॉलीयुरेथेनचे, म्हणजे लाकडावरच्या पारदर्शक संरक्षक लेपाचे, तीन हात दिले. तेलावर आधारित पॉली पिवळसर छटा देतं. पहिला हात वाळल्यावर बोट फिरवलं तर नुसतं खरखरीत! पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. ३२० ने हलकं घासलं, भुकटी पुसली, आणि दुसरा हात साईसारखा बसला.

हात वाळला म्हणजे पक्का झाला असं नाही, पूर्ण कडक व्हायला तीनेक आठवडे लागतात. तोवर हळदीचं बोट लागलं तर तिथल्या तिथे पुसा. आणि तेलाच्या स्टेनची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा.